गडाला वळसा घालणारी वाट

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली आणि त्या आनंदाचा भर ओसरण्याआधीच जुना वाद नव्या जोमाने सुरू झाला. गडावर गाडीरस्ता न्यावा की नाही, रोपवे बांधावा की नाही, रविवारी किती लोकांना वर सोडावे, तिकीट लावावे का, या प्रश्नांवर हिरिरीने बोलले जात आहे. एका बाजूचे म्हणणे असे की, इतिहास ही काही धडधाकट तरुणांची मिरास नव्हे. म्हाताऱ्या माणसालाही गड पाहता आला पाहिजे आणि गडाखालच्या गावाला त्यातून दोन पैसे मिळाले पाहिजेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, गड चढण्याचे कष्ट हाच गड समजून घेण्याचा मार्ग आहे आणि यंत्राने वर नेलेल्या गर्दीपायी गडाचे गांभीर्यही जाते आणि दगडही झिजतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु दोघांचीही नजर एकाच जागी, म्हणजे माथ्यावर, खिळलेली आहे आणि म्हणूनच हा वाद कितीही वर्षे चालला तरी त्यातून फारसे हाती लागणार नाही, असे माझे मत आहे.

माझी भूमिका आरंभीच सांगतो. माथ्याकडे जाणाऱ्या एका वाटेचे काय करायचे, यापेक्षा डोंगराच्या पायथ्याने, वाड्यावस्त्यांमधून, खिंडींतून, लेण्यांवरून, तळ्याकाठून फिरून पुन्हा निघाल्या जागी आणून सोडणाऱ्या जुन्या पायवाटांचे काय करायचे, हा अधिक मोठा सार्वजनिक प्रश्न आहे. या वळशाच्या वाटा नोंदवल्या पाहिजेत, कायद्याने राखल्या पाहिजेत आणि त्यांच्या कडेचा इतिहास त्या त्या गावाच्या तोंडून सांगितला गेला पाहिजे. वारसा यादीतल्या नोंदीचे नावच ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ असे आहे. जगाने मान दिला तो डोंगर, दऱ्या, घाट, बंदरे आणि किल्ले यांच्या परस्परांत गुंतलेल्या रचनेला, आणि आपण भांडतो आहोत ते तटबंदीच्या आतल्या जमिनीविषयी.

किल्ला बांधला जातो कशासाठी? सह्याद्रीतल्या बहुतेक किल्ल्यांचे उत्तर एकच आहे: वाटेवर लक्ष ठेवण्यासाठी. नाणेघाट होता म्हणून जीवधन आणि चावंड यांना महत्त्व आले. बोरघाट होता म्हणून राजमाची, लोहगड आणि विसापूर यांना आले. वाट आधीची आहे आणि किल्ला नंतरचा. मावळात तर ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख आहे आणि त्यात त्या शैलगृहाला जंबुद्वीपातले सर्वोत्तम म्हटले आहे. कर्नाटकातल्या वैजयंतीचा व्यापारी मावळातल्या डोंगरात दान का देतो? कोकणातल्या बंदरांकडून घाट चढून देशावर येणारा व्यापारी मार्ग या खोऱ्यातून जात होता, म्हणून. त्याच खोऱ्यातून १८६३ साली बोरघाटातली रेल्वे सुरू झाली आणि आजचा द्रुतगती मार्गही तेथूनच जातो. बौद्ध लेणी, मध्ययुगीन किल्ले, रेल्वे आणि द्रुतगती मार्ग या चार काळांच्या चार गोष्टी एकाच खोऱ्यात दाटीने उभ्या आहेत, याचे कारण वाट हे आहे. आणि नेमकी तीच गोष्ट आपल्या वारशाच्या कल्पनेत कोठेही बसत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मळवली स्टेशनावर उतरून मी पहिल्यांदा लोहगडाला गेलो तेव्हा गेलो तसाच परत आलो, आणि मला लोहगड म्हणजे एक उंच, वाऱ्याचा, सुंदर किल्ला एवढेच कळले. काही वर्षांनी गावातल्या एका वयस्क गुराख्याच्या सांगण्यावरून तोच डोंगर वळसा घालून पाहिला. मळवलीहून द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गावात शिरायचे. तेथून लेण्यांवर जायचे, जेथील चैत्यगृहाच्या छताला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून तग धरून आहेत आणि दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ कोरलेले चौदा स्तूप एकाच ठिकाणी दाटून उभे आहेत. मग चढ चढत गायमुख खिंडीत यायचे. खिंडीच्या एका अंगाला लोहगड आहे, दुसऱ्या अंगाला विसापूर. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांमधून लोहगडावर जाऊन, विंचूकाटा ही गडाची लांब, चिंचोळी माची पाहून खिंडीत परत यायचे, विसापूर चढायचा आणि त्याच्या दुसऱ्या अंगाने पाटण गावात उतरून मळवली गाठायची. सहा-सात तासांचा हा वळसा आहे. विसापूरच्या तटावर उभे राहून समोर पाहिले, तेव्हा लोहगड आपल्यापेक्षा खाली आहे, हे मला प्रथम जाणवले, आणि १८१८ साली इंग्रजांनी ४ मार्चला विसापूर घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी लोहगड त्यांच्या हाती का पडला, याचा उलगडा त्या एका दृष्टिक्षेपात झाला. लोहगडाच्या पायऱ्या शंभर वेळा चढूनही तो झाला नसता, आणि रोपवेने गेल्यास तर मुळीच होणार नाही.

या अनुभवामागे एक मोठी परंपरा आहे. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरून वर्षानुवर्षे चालत फिरले. वाटेत सापडणारी अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे गोळा करत, शेंदूर फासलेल्या देवींची नावे खेडुतांना विचारत. या देवींची जुनी ठाणी गावापासून दूर, आडरानात का असतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांना चालण्यातूनच मिळाले. जेथे प्राचीन वाटा एकमेकींना छेदत होत्या, जेथे ऋतुमानानुसार हिंडणारे समूह एकत्र येत होते, तेथे ही ठाणी होती. त्याहीपूर्वी, चौदाव्या शतकाच्या सुमारास, महानुभावांनी चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी राहिले त्या स्थानांची नोंद ‘स्थानपोथी’त करून ठेवली, गावाच्या कोणत्या दिशेला कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या बाजूस, असा तपशील तीत आहे. मराठीतला स्थानिक इतिहास पायी चालणाऱ्यांनी लिहिलेला आहे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने. आणि वळसा घालून चालणे तर आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. श्रावणात त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालणारी हजारो माणसे डोंगर सर्व बाजूंनी पाहतात, माथ्याचा हट्ट न धरता.

आता विरुद्ध बाजूच्या मुद्द्यांकडे वळतो. त्यांतला पहिला मुद्दा इतका खरा आहे की, तो मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही. डोंगरातल्या गावाला गाडीरस्ता हवाच. बाळंतिणीला झोळीत घालून घाट उतरवावा लागतो, दूध वेळेवर डेअरीला पोहोचत नाही म्हणून नासते, पावसाळ्यात मुलांची शाळा बुडते. अशा गावाला ‘तुमची पायवाट फार सुंदर आहे, ती तशीच ठेवा’ असे शहरातून आलेल्या माणसाने सांगणे हे निर्दयपणाचे आहे. दुसऱ्याच्या हालअपेष्टा हा कोणाचाही वारसा असू शकत नाही. परंतु रस्ता हवा म्हणून वाट नको, हे अनुमान कोठून आले? गावाचा रस्ता बाजाराच्या गावाकडे जातो, वळशाची वाट डोंगराभोवती फिरते. दोघींची कामे वेगळी आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या जागाही वेगळ्या आहेत. जेथे दोन्ही एकाच जागी येतात, तेथे रस्त्याला प्राधान्य द्यावे. माझी तक्रार आहे ती रस्ता करताना दाखवल्या जाणाऱ्या बेफिकिरीविषयी. पाणंद रुंद करताना यंत्राच्या पात्याने उखडलेल्या तीन वीरगळी, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, ओढ्याच्या काठी मुरमाच्या ढिगात उलट्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या बाजूला उचलून ठेवायला अर्धा दिवस लागला असता, इतकेच.

वीरगळींविषयी येथे थोडे सविस्तर बोलणे भाग आहे, कारण स्थानिक इतिहास म्हणजे काय, हे त्यांच्याइतके दुसरे काहीच स्पष्ट करत नाही. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गायी सोडवण्यासाठी झालेली. मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि त्यावर चंद्र-सूर्य. त्या माणसाचे नाव बहुधा कोरलेले नसते. तो कोणत्याही राजाच्या बखरीत नाही. गावाची गुरे पळवून नेणाऱ्यांना अडवताना तो मेला आणि गावाने त्याचा दगड शिवेवर, देवळापाशी किंवा वाटेच्या कडेला उभा केला, जेणेकरून येणाऱ्या-जाणाऱ्याने तो पाहावा. वाट बंद झाली की त्या दगडाकडे पाहणारे कोणी उरत नाही, आणि मग तो पायरीला लागतो नाहीतर मुरमात जातो. गड हा राज्यकर्त्यांचा इतिहास सांगतो. गडाभोवतीची वाट ज्यांनी ते राज्य अंगावर पेलले त्यांचा. शिवकाळाविषयी इतकी आस्था बाळगणाऱ्या समाजाला या दुसऱ्या इतिहासाचे सोयरसुतक असू नये का? फेब्रुवारी १६६१ मध्ये मुघल सरदार कारतलबखानाची फौज लोहगडाच्या परिसरातून कुरवंडे घाटाने उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याकडून कोंडली गेली. तो विजय कोणत्याही तटबंदीमुळे मिळाला नाही. कोणती वाट कोठे अरुंद होते, पाणी कोठे मिळत नाही, झाडी कोठे दाट आहे, हे ज्यांना पाठ होते त्यांच्यामुळे तो मिळाला. ते ज्ञान पायांत साठलेले होते.

दुसरा आक्षेप वयाचा आणि शारीरिक क्षमतेचा. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे आणि त्यामुळे जन्मात कधी वर गेली नसती अशी असंख्य माणसे समाधीपुढे हात जोडून आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी रोपवेचा सरसकट विरोधक नाही. पण वृद्धांच्या सोयीचा इतका कळवळा असेल, तर गडाच्या पायथ्याशी दोन-तीन किलोमीटरचा सपाटीचा वळसा आखणे अधिक सोपे नव्हे काय? वर पोहोचलेल्या वृद्ध माणसापुढे पुन्हा पायऱ्या, ऊन आणि वाराच असतो. उलट गावाच्या देवळापासून निघून तळ्याच्या काठाने, आमराईतून, शिवेवरच्या म्हसोबापर्यंत आणि तेथून परत, असा फेरफटका सत्तर वर्षांच्या माणसाला आपल्या गतीने घालता येतो, वाटेत बसण्यासाठी पार असतो, आणि त्याला जे दिसते ते माथ्यावरून दिसणाऱ्यापेक्षा कमी मोलाचे नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अडचणीचा वाटतो. वाटा नकाशावर आल्या की त्यांच्यावर गर्दी येईल, गर्दीबरोबर कचरा येईल आणि आज अज्ञातपणामुळे वाचलेली ठिकाणे वर्षभरात उद्ध्वस्त होतील, असे डोंगरांवर मनापासून प्रेम करणारी माणसे म्हणतात. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर तासन् तास अडकून पडलेली गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला ही भीती निराधार वाटणार नाही. तरीही दोन गोष्टींचा विचार व्हावा. पहिली अशी की, एकाच वाटेने वर आणि त्याच वाटेने खाली ही रचनाच कोंडी निर्माण करते. वळशावर माणसे एका दिशेने चालत राहतात, पांगतात, आणि सहा तास चालण्याची तयारी नसलेला माणूस मुळात त्यावर येत नाही. दुसरी अशी की, अज्ञातपणा हे संरक्षण नव्हे. पायवाटेचा खरा शत्रू आज पर्यटक नाही, तारेचे कुंपण आहे. पुण्यामुंबईच्या पैशाने डोंगरउतारावरची शेते विकत घेतली जातात, त्यांचे तुकडे पडतात, फाटक बसते, आणि पिढ्यानपिढ्या वापरात असलेली वाट एका सकाळी संपते. तीन वर्षांपूर्वी मी अशाच एका नव्या फाटकापाशी थांबलो होतो. माझ्यामागून डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन एक म्हातारी आली. तिने फाटकाकडे पाहिले, ‘हितनंच जात हुतो की आमी’ एवढे म्हटले आणि ओढ्यातून लांबचा फेर घालायला वळली. त्या वाटेची कोठे नोंद असती आणि दहा माणसे ती रोज चालत असती, तर ते फाटक तेथे बसले नसते.

शेतकऱ्याची बाजू यातून सुटता कामा नये. त्याच्या बांधावरून कोणी चालले की उद्या जमिनीवर हक्क सांगितला जाईल, ही त्याची भीती आहे. मावळात आणखी एक अडचण आहे: पायवाट म्हणजे पुष्कळदा भाताच्या खाचराचा बांधच असतो आणि आषाढात त्यावरून पन्नास माणसे गेली तर बांध फुटून पाणी वाहून जाते. म्हणून या वाटा भातकापणीनंतर, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच खुल्या असाव्यात, असे मला वाटते. पावसाळी पर्यटनाच्या व्यवसायाला ते रुचणार नाही, पण शेताचा हक्क आधी. मालकीच्या भीतीवर उपाय नाही असे नाही. इंग्लंडमध्ये हाच झगडा शंभर वर्षांपूर्वी पेटलेला होता. तेथील उघडी माळराने शिकारीसाठी राखून ठेवणाऱ्या जमीनदारांविरुद्ध २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातल्या कामगार तरुणांनी किंडर स्काउट या पठारावर सामूहिक प्रवेश केला आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. सतरा वर्षांनी, १९४९ च्या कायद्याने, तेथील स्थानिक प्रशासनांवर पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी आली. त्या नकाशावर वाट असणे हाच तिच्या अस्तित्वाचा पुरावा मानला जातो. जमीन शेतकऱ्याचीच राहते, पीकही तोच काढतो. शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली गेली, तर चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, आणि वाट गैरसोयीची असेल तर रीतसर अर्ज करून ती बाजूला वळवून मागता येते. आपला पाऊस, आपली धारणक्षेत्रे आणि आपले भाऊबंदकीचे तंटे वेगळे आहेत, तो कायदा उचलून येथे ठेवता येणार नाही. पण मालकी आणि चालण्याचा हक्क या दोन गोष्टी एकाच जमिनीवर नांदू शकतात, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते.

आणि आपल्याकडे तर पाया आधीच घातलेला आहे. प्रत्येक गावाच्या नकाशावर गाडीमार्ग आणि पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत; कलम १४३ शेताच्या हद्दीवरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला देते; आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली वहिवाटीच्या वाटेतला अडथळा दूर करून मागता येतो. या तरतुदी शेतकऱ्याला आपल्या शेतात पोहोचता यावे, यासाठी आहेत आणि तो त्यांचा योग्यच उद्देश आहे. परंतु तुटक रेषांनी दाखवलेली ती वाट पूर्वी भाज्याच्या लेण्याकडे किंवा विसापूरच्या खिंडीकडे जात होती, हे त्या नकाशावर लिहिलेले नसते, आणि पुरातत्त्व खात्याच्या नकाशावर लेणे असते पण वाट नसते. दोन खात्यांचे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहण्याचे काम अजून व्हायचे आहे. वाट हेच स्मारक मानण्याची कल्पना जगाला नवी नाही: स्पेनमधले सांतियागोचे यात्रामार्ग १९९३ साली आणि जपानमधल्या कुमानोच्या डोंगरी यात्रावाटा २००४ साली, त्या वाटा म्हणूनच, याच जागतिक वारसा यादीत गेल्या.

शेवटचा आक्षेप क्वचित बोलला जातो, पण तो बोलला जायला हवा. ज्या जुन्या वाटांचा मी इतका पुरस्कार करतो आहे, त्या सर्वांच्या होत्या का? नव्हत्या. गावात कोणी कोणत्या वाटेने जायचे, कोणाची सावली कोठे पडायची, हे जातीने ठरत होते. गावाची शीव दाखवण्याचे, शिवेच्या तंट्यात साक्ष देण्याचे काम महार वतनदाराचे होते. म्हणजे गावाच्या भूगोलाचे सर्वांत अचूक ज्ञान ज्याच्यापाशी होते, त्यालाच गावाच्या मध्यातून ताठ मानेने चालण्याची मुभा नव्हती. मग अशा वाटांचे जतन कशासाठी? त्या सर्वांच्या करण्यासाठी, हे माझे उत्तर आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले आणि तो ठराव कागदावरच राहतो असे दिसल्यावर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर तो प्रत्यक्षात आणावा लागला. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ महाराष्ट्राला समजावून देणारे ते तळे रायगडाच्याच तालुक्यात आहे. रायगडाला जाणाऱ्या किती सहली तेथे थांबतात? वळसा आखताना काय टाळायचे आणि काय घ्यायचे, ही निवड निरागस नसते, आणि म्हणूनच ती एखाद्या सल्लागार कंपनीच्या कार्यालयात न होता ग्रामसभेत, सगळ्या वाड्यांतली माणसे बसलेली असताना झाली पाहिजे.

कामाला लागायचे तर मुदत फार नाही. मला गायमुख खिंडीतून विसापूरकडे नेणारा तो गुराखी गेल्या पावसाळ्यात वारला. वाटेवरच्या प्रत्येक खडकाला, टाक्याला आणि झाडाला तो नावाने ओळखत असे. त्यांतली अकरा नावे माझ्या वहीत आहेत, बाकीची मी त्याला विचारली नाहीत. त्याच्या वयाची आणखी चार-पाच माणसे त्या पट्ट्यात आहेत. बारा किल्ल्यांच्या व्यवस्थापनाचे पुढचे आराखडे होतील तेव्हा पहिल्या टप्प्याचा पैसा वाहनतळावर आणि फलकांवर खर्च करण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातले गावनकाशे बाहेर काढावेत, आणि ते घेऊन या माणसांबरोबर येत्या कार्तिकात एकदा तरी डोंगराभोवती चालावे.